जागा आपली कशी होते

पृथ्वीवरचा कोणताही बिंदू अक्षांश आणि रेखांश यांच्या दोन आकड्यांत नेमका सांगता येतो, आणि त्या हिशेबात एका बिंदूला दुसऱ्यापेक्षा अधिक मोल नसते. माणसाच्या मनातला नकाशा मात्र वेगळ्याच प्रमाणावर आखलेला असतो. त्यात शाळेमागचा एखादा जिना किंवा गावाबाहेरचा एखादा पार सबंध जिल्ह्याएवढी जागा व्यापून बसतो, आणि ज्या प्रदेशातून आगगाडीने शेकडो वेळा जाणे झाले तो प्रदेश कोराच राहतो. ही विषमता केवळ लहरीची नसते, तिला काही नियम असतात, आणि ते शोधण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूगोल, मानसशास्त्र, मेंदूविज्ञान आणि मानववंशशास्त्र या चार शास्त्रांनी आपापल्या वाटेने केला. त्या सर्वांच्या मांडणीतून एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे येते: जागेचे महत्त्व त्या जागेच्या अंगच्या गुणांत थोडे आणि तिथे चाललेल्या व्यवहारात फार असते, व तो व्यवहार थांबला की जागा शिल्लक असूनही तिचा अर्थ विरू लागतो.

या विचाराचा पाया घालणाऱ्यांत यि-फू तुआन यांचे नाव अग्रभागी येते. चीनमध्ये १९३० साली जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत अध्यापन केलेले हे भूगोलज्ञ; त्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या 'टोपोफिलिया' या ग्रंथात माणसाच्या मनातील स्थलप्रीतीचा, म्हणजे परिसराशी जडलेल्या भावबंधाचा, विस्ताराने विचार केला, आणि १९७७ च्या पुढील ग्रंथात अवकाश व स्थान असा महत्त्वाचा भेद मांडला. अवकाश म्हणजे मोकळा, अनोळखी, हालचालीला वाव देणारा विस्तार. स्थान म्हणजे त्याच विस्ताराचा असा भाग की जिथे माणूस थांबला, ज्याची त्याला ओळख पटली आणि ज्याला त्याने मोल दिले. नव्या शहरात उतरलेल्या माणसाला पहिल्या दिवशी सगळे रस्ते सारखेच दिसतात, आणि काही महिन्यांनी त्यातल्या एका वळणावर त्याला नकळत 'आलो' असे वाटते. तुआन यांना जे म्हणायचे होते ते या दोन अवस्थांच्या मधले अंतर होय. कॅनडातील भूगोलज्ञ एडवर्ड रेल्फ यांनी १९७६ साली याची दुसरी बाजू दाखवली. महामार्ग, विमानतळ, एकाच साच्याची उपाहारगृहे यांमुळे एक ठिकाण दुसऱ्यापासून वेगळे ओळखू येईनासे होते, आणि अशा सपाट परिसरात राहणाऱ्याला आपण 'आत' आहोत ही भावना सहजी येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

जागा आणि आठवण यांचे नाते शरीराच्या रचनेतच गुंफलेले आहे, हे याच सुमारास प्रयोगशाळेत दिसू लागले. मेंदूत दोन्ही बाजूंना खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा वळणदार भाग असतो. लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांनी १९७१ साली उंदरांच्या या भागातील काही पेशी नोंदवल्या, की ज्या उंदीर एका विशिष्ट जागी आला की कार्यरत होत आणि तो तिथून हलला की शांत होत. त्यांना स्थानपेशी हे नाव मिळाले. नॉर्वेतील मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांनी २००५ साली शेजारच्या भागात आणखी एका प्रकारच्या पेशी दाखवल्या, ज्यांच्या कार्यरत होण्याच्या जागा जोडल्या तर जमिनीवर षट्कोनी जाळी उमटते, म्हणजे मेंदू स्वतःपाशी जणू मोजणीचा कागद बाळगतो. या तिघांना, ओकीफ आणि मोझर दांपत्याला, २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विशेष गोष्ट अशी की हाच हिप्पोकॅम्पस आयुष्यातील प्रसंगांच्या आठवणी घडवण्याचेही काम करतो. १९५३ साली अपस्माराच्या उपचारासाठी ज्या अमेरिकी रुग्णाच्या मेंदूतून हा भाग बव्हंशी काढला गेला, त्याला त्यानंतर नवे प्रसंग लक्षात ठेवताच येईनात. जो अवयव 'कुठे' हे नोंदवतो तोच 'काय घडले' हेही नोंदवत असल्याने प्रसंगाला जागा चिकटलेली राहते. घरात मोठी बातमी आली तेव्हा आपण कोणत्या खोलीत, कोणत्या खिडकीपाशी होतो हे तीस वर्षांनंतरही सांगता येते, आणि बातमीचे शब्द मात्र विसरलेले असतात.

आठवण जागेने जागी होते याचा एक सुबक प्रयोग स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर डंकन गॉडन आणि ॲलन बॅडली यांनी १९७५ साली केला. पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या काही वेळा किनाऱ्यावर आणि काही वेळा पाण्याखाली पाठ करायला दिल्या; जिथे पाठ केल्या तिथेच विचारले असता त्यांना अधिक शब्द आठवले, जागा बदलली की कमी. शब्दांच्या निर्जीव यादीलाही जर जागेचा एवढा आधार लागतो, तर आजोळच्या पडवीत पाऊल टाकताच चाळीस वर्षांपूर्वीचे आवाज का उठतात याचे निदान एक कारण हाती लागते. गंधाचे सामर्थ्य याहून तीव्र असते, कारण इतर संवेदनांना जे मोठे वळण घ्यावे लागते ते टाळून वासाचा संदेश भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत थेट पोचतो. असे असले तरी मेंदूविज्ञानाच्या उत्तराची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. आठवणीला जागा का चिकटते हे त्याने समजते, पण ती जागा प्रिय का होते, किंवा नकोशी का होते, हे त्या पेशींकडून कळत नाही.

त्यासाठी सवयीकडे वळावे लागते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिले की एखादी गोष्ट केवळ वारंवार नजरेस पडली तरी तिच्याविषयी अनुकूल भाव वाढतो. हे जागांच्या बाबतीत काही अंशी खरे असले तरी पुरेसे नाही, कारण कचेरीतली रांग किंवा लोकलचा पूल रोज पाहूनही कुणाला जिव्हाळ्याचा होत नाही. फरक पडतो तो पाहण्याने नव्हे, वावरण्याने. फ्रेंच तत्त्वज्ञ गास्ताँ बाशलार यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात जन्मघराविषयी लिहिताना असा विचार मांडला की ते घर डोक्यात असते त्याहून अधिक हातापायांत असते. जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही: अंधारात जिना उतरताना पाचवी पायरी उंच आहे हे पायाला ठाऊक असते, ठेंगण्या दाराशी मान आपोआप लवते, माजघरातून परसाकडे जाताना हात भिंतीवरच्या खुंटीपाशी जातो आणि तिथे खुंटी असते. कित्येक वर्षे लोटून, घर विकले गेल्यावर, नव्या सदनिकेच्या सपाट जिन्यातही तो पाय क्षणभर उंच पायरी शोधतो. अमेरिकी भूगोलज्ञ डेव्हिड सीमन यांनी १९७९ साली याच सवयींचे सामुदायिक रूप टिपले. अनेक माणसांच्या ठरावीक वेळच्या ठरावीक हालचाली एका जागी एकमेकींत गुंतल्या की तिथे एक लय तयार होते, आणि तिला त्यांनी स्थानाचे नृत्य म्हटले. मुंबईच्या चाळीतली पहाट हे त्याचे नमुनेदार उदाहरण ठरावे. पाण्याची वेळ झाली की नळाशी लागणारी हंड्या-कळश्यांची रांग, गॅलरीतून दूधवाल्याला दिलेली हाक, जिन्यात एकमेकांना वाट देत उतरणारी शाळेची मुले, आणि या सगळ्यांतून वाट काढत पाळीवर निघालेला कामगार, यांतले कुणीही दुसऱ्याला भेटण्यासाठी बाहेर पडलेले नसते, तरी सगळ्यांची भेट होते. जागा आपली होते ती बहुधा अशी, हेतू नसताना.

व्यक्ती, मनोव्यापार आणि स्थळ अशा तीन अंगांनी जागेशी जडलेल्या नात्याचा विचार करावा, अशी मांडणी लीला स्कॅनेल आणि रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली केली, व ती आज या अभ्यासक्षेत्रात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिचा उपयोग वर्गीकरणापुरता चांगला आहे. परंतु या तीन अंगांतले कोणते खरे वजन पेलते हे जाणण्यासाठी मराठी स्त्रीच्या माहेराकडे पाहणे अधिक उपकारक ठरेल. माहेर हे एक प्रत्यक्ष गाव असते, तिथे एक घर असते, घराला अंगण असते; तरीही आईवडील गेल्यावर, भाऊ-भावजयीचे मन फिरल्यावर, तेच घर, तेच अंगण जागच्या जागी असून माहेर उरत नाही, आणि बायका ते 'माहेर तुटले' अशा स्पष्ट शब्दांत सांगतात. उलट दूरच्या गावी राहायला गेलेल्या भावाच्या भाड्याच्या दोन खोल्याही माहेर होऊ शकतात. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि त्यांत माहेर, माहेरची वाट, त्या वाटेवरचे झाड, न्यायला येणारा भाऊ हे विषय सतत येतात. ज्या स्त्रियांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती त्यांनी एका जागेचे इतके बारीक वर्णन पिढ्यान्‌पिढ्या जपले, यावरून मालकी आणि आपलेपणा यांचा संबंध किती सैल असतो ते दिसते.

जागेचा अर्थ सर्वांत स्वच्छ दिसतो तो ती गेल्यावर. अमेरिकेतील बॉस्टन शहरात वेस्ट एंड नावाची श्रमिकांची दाट वस्ती होती, तिथे इटालियन आणि पूर्व युरोपीय वंशाची अनेक कुटुंबे राहत. नगरनियोजकांनी तिला गलिच्छ वस्ती ठरवले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस नगरसुधारणेच्या नावाखाली ती जमीनदोस्त केली. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स त्या आधी काही काळ तिथे जाऊन राहिले होते आणि १९६२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवले की बाहेरून बकाल दिसणाऱ्या त्या गल्ल्यांत नात्यागोत्याचे आणि शेजाराचे एक खेडेच नांदत होते. मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञांनी विस्थापितांच्या मुलाखती घेऊन १९६३ साली जो निष्कर्ष मांडला तो त्या वेळी अनेकांना अनपेक्षित वाटला: मुलाखती दिलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या उत्तरांत, जिवलग माणूस गेल्यावर दिसतात तशी तीव्र आणि दीर्घकाळ टिकणारी शोकाची लक्षणे होती. यांतल्या काहींना नवे घर जुन्यापेक्षा बरे मिळाले होते, पण शोक घराचा नव्हताच. तो जिन्यातल्या, कोपऱ्यावरच्या, दुकानासमोरच्या त्या लयीचा होता, आणि तिचे मूल्य नुकसानभरपाईच्या कोणत्याही रकान्यात धरलेले नव्हते.

गोव्यातील कुर्डी गावाची हकिकत याच प्रश्नाला अधिक खोलवर नेते. सांगे तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले हे गाव भातशेतीचे, नारळ, काजू आणि फणसाचे होते, आणि हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान अशी सुमारे तीन हजार माणसे तिथे राहत. जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली याच गावी झाला, आणि आयुष्याचा फार मोठा भाग मुंबईत काढूनही त्यांनी गावाचे नाव आडनावात वागवले. गोवा मुक्त झाल्यावर दक्षिण गोव्याला पाणी पुरवण्यासाठी साळावली नदीवर धरण बांधायचे ठरले. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः येऊन ग्रामस्थांना हा त्याग साऱ्या गोव्याच्या हिताचा असल्याचे सांगितले, कुटुंबांना वाडे आणि वालकिणी येथे जमिनी दिल्या गेल्या, आणि १९८६ च्या सुमारास गाव जलाशयाखाली गेले. परंतु ते पूर्णपणे गेले नाही. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी, मे महिन्यात, धरणाचे पाणी ओसरते आणि गाव काही आठवड्यांपुरते वर येते.

तेव्हा जे दिसते ते पाहण्यासारखे म्हणावे असे काही नसते. भेगाळलेला गाळ, घरांची जोती, माडांचे काळवंडलेले बुंधे, पूर्वीच्या रस्त्याची रेघ, मोडकी जलवाहिनी, देवळाचे आणि कपेलाचे, म्हणजे छोट्या चर्चचे, अवशेष. तरीही त्या दिवसांत विस्थापित कुर्डीकर तिथे जमतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलाचे फेस्त साजरे करतात, आणि म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन गाळातून चालत एका जोत्यावर उभी राहतात व चूल इथे होती, ओसरी इथे, विहिरीची वाट या बाजूला, असे दाखवून देतात. ज्या नातवंडांनी ते घर उभे असलेले कधी पाहिलेच नाही, त्यांना त्या चार दगडांचा अर्थ लागतो तो आजीच्या बोटाने. जागेचा अर्थ एका पिढीकडून दुसरीकडे जातो तो असा, बोटाने दाखवून आणि तोंडाने सांगून, आणि दाखवणारी पिढी संपेपर्यंतच त्याला अवधी असतो.

कुर्डीच्याच संदर्भात आणखी एक घटना विचार करायला लावणारी आहे. गावच्या हद्दीतले महादेवाचे कदंबकालीन देऊळ पुरातत्त्वीय दृष्टीने महत्त्वाचे असल्याने ते बुडू देणे योग्य नव्हते. म्हणून त्याचे दगड सुटे करून धरणाजवळच्या जागी वाहून नेण्यात आले आणि देऊळ पुन्हा होते तसे उभे करण्यात आले. हे काम मोठ्या कौशल्याचे होते आणि त्यामुळे एक मौल्यवान वास्तू वाचली, याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. पण दगडांची इतक्या काळजीने जुळणी केलेले देऊळ सुस्थितीत असताना लोक मे महिन्यात जातात ते गाळातल्या पडक्या देवळाकडे, याचा अर्थ उघड आहे. वास्तू हलवता येते. तिथवर येणारी पायवाट, आधी लागणारे शेत, वळणावर राहणारा शेजारी आणि देवळापुढे वाट पाहत थांबण्याची जागा, हे सर्व तिच्याबरोबर हलत नाही.

मात्र गावाविषयीची ही ओढ सर्वांची सारखी असते असे समजणे अन्यायाचे ठरेल, आणि स्थलप्रेमावरचे पुष्कळसे लेखन या ठिकाणी आंधळे राहिले आहे. ज्याला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, ज्याचे घर गावकुसाबाहेर होते, ज्याला देवळाची पायरी चढण्याची मनाई होती, त्याच्या शरीरालाही त्या गावाची प्रत्येक वाट पाठ होती, पण ती कुठे थांबायचे याच्या धाकाने पाठ झालेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भारतीय खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, ती या अनुभवाच्या बळावर. त्याच बाबासाहेबांच्या चळवळीने जागेला नवा अर्थ कसा देता येतो याची महाराष्ट्रातील सर्वांत मोठी उदाहरणे घालून दिली आहेत. महाडचे चवदार तळे शतकानुशतके तिथेच होते आणि त्याचे पाणी इतर कोणत्याही तळ्यासारखेच होते; २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्य मानल्या गेलेल्या हजारो माणसांनी बाबासाहेबांच्या मागोमाग जाऊन ते पाणी प्यायले, आणि तळ्याचा अर्थ त्या एका कृतीने कायमचा पालटला. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली ते मैदान तोवर शहरातल्या इतर मोकळ्या मैदानांसारखेच एक होते. आज तिथे दरवर्षी लाखो लोक येतात, आणि त्यांपैकी बहुतेकांचा त्या शहराशी जन्माचा वा वास्तव्याचा कोणताही संबंध नसतो. दीर्घ सहवास आणि एखादा निर्णायक क्षण, या दोन्ही वाटांनी जागा आपली होऊ शकते, आणि दुसरी वाट ज्यांना पहिली नाकारली गेली त्यांच्यासाठीही खुली असते.

निर्णायक क्षणाने घडलेला अर्थ टिकवायला मात्र जाणीवपूर्वक कष्ट घ्यावे लागतात, आणि असे कष्ट मराठी भाषेत सातशे वर्षांपूर्वी घेतले गेले आहेत ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महाराष्ट्रभर भ्रमण केले; ते गेल्यावर म्हाइंभटांनी अनुयायांकडून आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले, आणि चौदाव्या शतकात स्वामींच्या महानुभाव पंथात 'स्थानपोथी' नावाचा एक आगळा ग्रंथ तयार झाला. डॉ. वि. भि. कोलते यांनी तो संपादित केला आहे. या ग्रंथात तत्त्वज्ञान किंवा चमत्कार यांना फारशी जागा नाही. स्वामी कोणत्या गावी थांबले, त्या गावाच्या कोणत्या दिशेला, कोणत्या देवळात, देवळाचे दार कुणीकडे तोंड करून आहे, आसन कुठे झाले, आरोगणा म्हणजे भोजन कुठे, पहुड म्हणजे निद्रा कुठे, एवढेच काय पण परिश्रय म्हणजे शरीरधर्मासाठी जाणे कोणत्या बाजूला झाले, याची पावलापावलाने नोंद आहे. आधुनिक वाचकाला हा तपशील क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण ज्यांनी तो लिहून ठेवला त्यांना एक गोष्ट पुरती कळली होती, की ज्याने स्वामींना पाहिले त्याच्यासाठी जागा आपोआप बोलते, आणि ज्याने पाहिले नाही त्याच्यासाठी ती तेव्हाच बोलेल जेव्हा तिचा बिंदू हरवणार नाही. म्हणून त्या ठिकाणी ओटे बांधले गेले, आणि तिथे जाऊन नमस्कार करणे ही पंथाची साधना ठरली. महाराष्ट्रातील तीर्थस्थळांचा दीर्घ अभ्यास केलेल्या अमेरिकी विदुषी अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी या ग्रंथाकडे भूगोलाच्या अंगानेही पाहिले आहे. विखुरलेल्या ओट्यांना जोडणाऱ्या वाटांतून एका प्रदेशाची कल्पना कशी उभी राहते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. कुर्डीतल्या आजीचे बोट आणि स्थानपोथीतली दिशांची नोंद या दोहोंचे काम मुळात एकच आहे, फरक एवढाच की लेखी नोंद माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त काळ टिकते.

जागा सोडून जावे लागणे ही एकच हानी नव्हे. माणूस जागच्या जागी राहतो आणि जागाच त्याला सोडून जाते, असेही घडते. ऑस्ट्रेलियातील हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींनी शेतजमीन पोखरली जात असताना तिथल्या रहिवाशांची मनःस्थिती पाहून ग्लेन अल्ब्रेख्ट या पर्यावरण-तत्त्वज्ञांनी २००३ साली 'सोलॅस्टॅल्जिया' ही संज्ञा योजली. घरी असतानाच घराची आठवण व्हावी अशी ती व्यथा होय. मुंबईच्या गिरणगावाला ही संज्ञा ठाऊक नसली तरी व्यथा पूर्ण ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या, पुढे त्या जमिनींवर मॉल आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. अनेक कुटुंबे मात्र त्याच चाळींच्या त्याच खोल्यांत राहिली. गिरणीच्या भोंग्यावर उठणे, भोंग्यावर डबा भरणे, भोंग्यावर दार उघडून वाट पाहणे असे ज्यांचे सगळे दिवस बांधलेले होते, त्यांचा पत्ता बदलला नाही, पिन कोडही तोच राहिला, पण ज्या आवाजाने ती वस्ती एका वेळेवर चालत होती तो आवाज गेला. गणेशोत्सव, भजनी मंडळे, गावकऱ्यांच्या खोल्या यांतून त्या लयीचा काही भाग अजून तग धरून आहे, आणि म्हणूनच या संस्थांना केवळ करमणुकीच्या खात्यात टाकणे चुकीचे आहे.

शासनाच्या व्यवहारात या सगळ्याला कितपत स्थान मिळाले, हे पाहिले तर चित्र अगदी निराशाजनक नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा १९७६ साली करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होते. पुढे १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या केंद्रीय भूमिसंपादन व पुनर्वसन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला, आणि त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नव्या वसाहतीत काय असले पाहिजे त्याची यादी दिली. रस्ते, पाणी आणि शाळा यांच्याबरोबर तिथे स्मशानभूमी येते, प्रार्थनास्थळ येते आणि लोकांना एकत्र बसण्यासाठी दर ५० कुटुंबांमागे एक पार असावा अशीही तरतूद येते. पार ही बाब कायद्याच्या भाषेत येणे हे बॉस्टनच्या नियोजकांच्या तुलनेत बरेच पुढचे पाऊल आहे. तरीही पार कुठे बांधायचा हे आराखड्यातल्या रिकाम्या चौकोनावरून ठरत असेल, तर त्यावर कुणी बसणार नाही. सामाजिक परिणामांच्या अभ्यासात घरे, झाडे आणि गुरे यांची गणती जशी होते, तशीच गावातल्या माणसांच्या रोजच्या वाटांचीही नोंद झाली पाहिजे. सकाळी पाण्याला कोण कुठून जाते, दुपारी बायका कोणत्या ओट्यावर निवडणे-टिपणे करतात, पालखी कोणत्या घरांवरून फिरते आणि कोणत्या घरांना वगळून फिरत होती, वृद्ध माणसे संध्याकाळी कुठे बसतात आणि तिथून त्यांना काय दिसते. नव्या गावठाणातील भूखंडांचे वाटप चिठ्ठ्या टाकून करण्याआधी ही नोंद हाती असली, तर निदान जे शेजारी एकमेकांसोबत राहू इच्छितात त्यांना शेजारी ठेवता येईल, आणि ज्यांना जुन्या गावाने कडेला ठेवले होते त्यांना नव्या गावाच्या मध्यावर जागा देता येईल.